पहिला चमचा काकांचा

आमचे काका लिफ्ट तपासतात. म्हणजे तपासायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत नीट पोचलेली नाही. आजही कुणाकडे गेले तर आधी लिफ्टच्या दाराला कान लावतात, मान हलवतात, आणि मगच यजमानांची बेल वाजवतात. चहा येईपर्यंत यजमानांना कळलेलं असतं की त्यांच्या लिफ्टचा दोर वर्षभरात बदलावा लागणार.

काकांच्या खात्याची पद्धत अशी: दुरुस्त झालेली लिफ्ट आधी रिकामी फिरवायची, मग वजनाची पोती घालून फिरवायची, आणि मग माणूस. हा पहिला माणूस म्हणून बाकीचे तपासनीस आपल्या हाताखालच्याला आत ढकलत. काकांनी एकतीस वर्षांत एकदाही कुणाला ढकललं नाही. दार लावून स्वतः एकटे तळापासून गच्चीपर्यंत जायचे, परत यायचे, आणि मग कागदावर सही करायचे. "आधी मी, मग लोक." त्यांनी सही केलेल्या लिफ्टमध्ये कधी कुणाचं नखही दुखावलं नाही. यात चेष्टा करण्यासारखं काही नाही आणि मी करतही नाही.

चेष्टा सुरू होते ती घरापासून. कारण काकांनी ही पद्धत ऑफिसात ठेवली नाही. नवी खुर्ची आली की आधी काका बसणार. आंघोळीच्या पाण्यात आधी काकांचा हात. मी पहिलीत होते तेव्हा शाळेत नवी घसरगुंडी बसवली, तर काका पोचवायला आले आणि ऑफिसच्या कपड्यांत, बॅगेसकट, आधी स्वतः घसरले. आख्खी शाळा बघत होती. मी ते विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

अशा माणसाच्या बायकोला आठ वर्षांपूर्वी गहू बंद झाला.

त्याआधी दोन वर्षं काकू नुसती वाळत चालली होती. डॉक्टर झाले, औषधं झाली, नाही नाही ते उपाय झाले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नेमकं शोधलं: गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं जे असतं, ते काकूच्या आतड्यांना चालत नाही. "आजपासून गहू नाही, जव नाही, त्यांचं काहीही नाही. कणभरही नाही. जन्मभर." काकूनं विचारलं, "केकही नाही?" काकांनी विचारलं, "कणभर म्हणजे नक्की किती?" या दोन प्रश्नांत त्या दोघांचा सगळा संसार आला.

काकांनी मोहीम हाती घेतली. एका दुपारी घरातलं पीठ, रवा, बिस्किटं सगळं शेजारीपाजारी वाटून टाकलं, डबे उकळले, पोळपाट-लाटणंसुद्धा नवं आणलं. तिला नाही तर मलाही नाही, म्हणून घरात स्वतःही भात, मका आणि बटाट्यांवर राहायला लागले. कौतुक करावं तेवढं थोडं. घरात काकू महिन्याभरात सुधारली, गालावर रंग आला. त्रास व्हायचा तो फक्त बाहेर जेवलं की.

मी शाळेत गणित शिकवते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे माझीही लाज निघणार आहे.

काकांबरोबर हॉटेलात जेवायला जाणं म्हणजे काय असतं, ते मी आणि ताई जाणतो. ताई म्हणजे त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण. टेबलावर बसलं की आधी चौकशी. तळणीचं तेल वेगळं का? सूप दाट कशानं करता? सुरी कुठं धुता? फडकं कुणाचं? वाढपी घाबरून मालकाला बोलवायचा, मालक घाबरून आचाऱ्याला बोलवायचा. आजूबाजूची माणसं माना वळवून बघायची. ताई मेनूकार्डाआड तोंड लपवायची, आणि काकू पाण्याचा पेला इकडून तिकडे सरकवत म्हणायची, "अहो, पुरे हो. परीक्षेला बसलेत का ते?"

मग अन्न यायचं. काकांचं आधी यायचं, कारण त्यांचं साधंच असायचं. घरात गहू बंद, त्यामुळे बाहेर पडले की काकांना पावाची भारी हौस. काकूचं ताट उशिरा यायचं, वेगळं शिजवावं लागायचं ना. तोवर काकांचा पाव अर्धा झालेला, सूप संपत आलेलं. ताट आलं की काका चमचा रुमालाला पुसायचे आणि काकूच्या ताटात घालायचे. वरवर नाही, तळापर्यंत. "दोष वर दिसत नसतो, खड्ड्यात असतो," हे लिफ्टचं शहाणपण. एक घास खायचे, डोळे मिटून मिनिटभर थांबायचे. मग म्हणायचे, "पास."

एकदा मी विचारलं होतं, "काका, तुम्हाला गहू चालतो. मग तुम्ही चाखून काय कळणार?"

"अगं, कळण्याचा प्रश्न नाही. पद्धत असते. आधी मी, मग ती."

तिच्या वाटेतल्या धोक्यात आधी मी जातो म्हणणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

आणि एवढं करून काकू आजारी पडायचीच. दर वेळी नाही, पण चारातल्या तीन वेळा. पोटात कळा, उलट्या, दोन दिवस अंथरूण. ताईच्या साखरपुड्याच्या जेवणानंतर सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, त्यात काकू नाही. ती तेव्हा हॉटेलच्या न्हाणीघरात जमिनीवर बसली होती आणि मी तिची पाठ चोळत होते. एकदाच ती तिच्या बहिणीबरोबर बाहेर जेवली, काका गावाला गेले होते तेव्हा. काही झालं नाही. "नशीब तिचं," काका म्हणाले. "तपासलेलं नसताना निभावलं."

प्रत्येक आजारपणानंतर काका त्या हॉटेलला पत्र लिहायचे. लांबलचक, मुद्द्यांना आकडे घातलेलं, शेवटी 'निष्काळजीपणा' हा शब्द अधोरेखित. अशी अकरा हॉटेलं झाली. आणि काकू हळूहळू बाहेर जेवेनाशी झाली. लग्नाला गेली तरी पिशवीत डबा. सगळे पंगतीत, आणि ही कोपऱ्यात खुर्ची ओढून गार भात खातेय. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तिनं तर ताकाकडे बघणंच सोडलं.

अशात ताईच्या ऑफिसातून तिला चौघांची तिकिटं मिळाली. एक भलंमोठं करमणुकीचं उद्यान, त्यातच राहायचं, त्यातच जेवायचं, तीन दिवस. जावयांना रजा नव्हती म्हणून मी गेले. आमच्यात लहान मूल एकही नाही, पण काकू आहे, म्हणजे भरपाई झाली. तिनं नकाशावर लाल पेन्सिलीनं पाळण्यांना खुणा केल्या. तिकडे जाताना गाडीत मात्र ती एकदम म्हणाली, "सगळ्यांनी ऐका. डबा आणलाय, पण इथं मी एकदा सगळ्यांच्या बरोबर टेबलावर जेवणार आहे. बरं वाटलं तर ठीक. नाही वाटलं, तर हे शेवटचं. यापुढे मी कुठे येणार नाही. लग्न नाही, बारसं नाही, काही नाही. तुम्ही जा, मी घरी."

"ताईचं बाळ झालं तरी?" मी विचारलं. ताईला तेव्हा तिसरा महिना होता.

"घरी आणून दाखवा," काकू म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकून बोलली.

पहिल्या दिवशी सकाळी आमचे मोजून दोन पाळणे झाले, कारण प्रत्येक पाळण्यावरची तपासणीची पाटी काकांनी शेवटपर्यंत वाचली. आकाशपाळण्याखाली उभं राहून त्यांना एक कुरकुर ऐकू आली, तर ती ऐकवायला त्यांनी चालकाला खाली बोलावलं. रांगेतली पोरं आम्हाला शिव्या देत होती. चालकानं मात्र ऐकलं, वंगण घातलं आणि काकांना सलाम केला. काका दिवसभर त्या सलामावर होते.

जेवणघर मोठं होतं, छतातून कागदी मासे लोंबत होते. ताईनं आधी कळवलं होतं, म्हणून मुख्य आचारी स्वतः टेबलापाशी आल्या. उंच बाई, डाव्या हातावर भाजल्याचा जुना डाग, बोलणं कमी. काकांनी सतरा प्रश्न विचारले. बाईंनी सतराही उत्तरं दिली आणि म्हणाल्या, "आत येऊन बघता का?"

अकरा हॉटेलांत काकांना कुणी असं आत बोलावलं नव्हतं. ते गेले आणि वेगळाच माणूस होऊन आले. "वेगळा कोपरा आहे. वेगळी भांडी, वेगळं तेल, निळ्या काठाची वेगळी ताटं. बाई हुशार आहेत." याहून वरचं सर्टिफिकेट काकांकडे नाही.

काकांचं सूप आलं, पाव आला. वीस मिनिटांनी बाई स्वतः काकूचं ताट झाकून घेऊन आल्या: भात, भाजलेला मासा, लोण्यातल्या भाज्या. ठेवून त्या आत गेल्या. काकांनी झाकण उचललं, तपासणी केली, डोळे मिटले. "पास." काकू जेवली. अगदी सावकाश, एक एक भाजी बघत. मी तिला बाहेरचं जेवताना हसलेलं किती वर्षांनी पाहिलं.

संध्याकाळी पाच वाजता उडत्या होड्यांच्या रांगेत तिचा चेहरा बदलला. तिनं ताईचा दंड धरला. आम्हाला सांगायची गरज पडली नाही.

खोलीत तिला पडतं केलं तेव्हा ती रडली नाही, चिडली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "झालं. आता विषय संपला." ताई न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. काका टेबलावर बसून पत्र लिहीत होते. या वेळी 'निष्काळजीपणा' दोनदा अधोरेखित झाला.

सकाळी काका पत्र घेऊन जेवणघराकडे निघाले. ते भांडतील या भीतीनं मी मागून गेले. खरं सांगायचं तर मलाही भांडायचं होतं.

बाईंनी पत्र उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. घडी घातली. मग शीतघरातून एक छोटी डबी आणली. तिच्यावर चिठ्ठी: कालची तारीख, आमच्या टेबलाचा नंबर. "प्रत्येक वेगळ्या ताटातलं थोडं मी बाजूला काढून ठेवते, दोन दिवस. असंच कुणी पत्र घेऊन आलं तर." त्यांनी डबीतलं अन्न एका नळीत घोळलं आणि त्यात कागदाची पट्टी उभी केली. "ग्लुटेन असलं तर दोन रेघा. नसलं तर एक."

दहा मिनिटं आम्ही त्या पट्टीकडे बघत उभे. एक रेघ.

"पट्टी जुनी असेल," काका म्हणाले.

बाईंनी दुसरी पट्टी काढली, पावाचा चुरा घेतला, पुन्हा दहा मिनिटं. दोन रेघा. "पट्टी बोलते, साहेब."

माणसाशी काका दिवसभर वाद घालतील, पण उपकरणाशी त्यांनी कधी वाद घातलेला नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या हातून निघालं तेव्हा ताट चांगलं होतं. म्हणजे जे होतंय ते टेबलावर होतंय. उद्या दुपारी वहिनींना घेऊन या. मी टेबलापाशी उभी राहते."

काकूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मुळीच नाही." ताईनं विनवलं, मी विनवलं. ती पांघरुणातून हातही बाहेर काढेना. मग काका म्हणाले, "नकोच. मी तिला पुन्हा धोक्यात घालणार नाही. मी ठरवलंय."

पांघरूण बाजूला झालं. "तुम्ही ठरवलंय? पोट कुणाचं आहे? मी जाणार."

चाळीस वर्षांच्या संसारात काकांना एवढं साधं कळलं नाही, पण त्या दिवशी ते आमच्या कामी आलं.

तिसरा दिवस. तेच टेबल, वर तेच कागदी मासे. काकांचं सूप आलं, पाव आला. काकांनी पाव मोडला, सूप घेतलं, बोटं झटकली. बाई काकूचं झाकलेलं ताट घेऊन आल्या, ठेवलं आणि या वेळी गेल्या नाहीत. हात मागे बांधून उभ्या राहिल्या. काकांनी सवयीनं चमचा रुमालाला पुसला, झाकण उचललं आणि चमचा भातात तळापर्यंत घातला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

काका थांबले. चमचा भातात.

"हा चमचा आत्ता सूपमध्ये होता. माझं सूप मैद्यानं दाट केलेलं असतं. आणि त्या रुमालात पावाचा चुरा आहे."

बाईंना आणखी बोलायची गरज नव्हती. त्यांनी खिशातून नळी आणि पट्टी काढली, काकांनी जिथं चमचा घातला होता तिथला भात घेतला, आणि नळी टेबलाच्या मधोमध ठेवली. त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात आठ वर्षं फिरली. घरी त्रास नाही. बाहेर त्रास. बहिणीबरोबर त्रास नाही. तिसरीतल्या पोरीला घातलं असतं तर तिनं हे गणित सोडवलं असतं. मी आठ वर्षं शाळेत पोरांना 'नीट बघा, उत्तर प्रश्नातच असतं' म्हणत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तोही अकरा हॉटेलांना.

पट्टीवर एक रेघ आली. मग तिच्याखाली दुसरी.

पट्टी काकांनीच उचलली. उजेडाकडे धरली, चष्मा वर करून बघितली. आणि एकतीस वर्षं ज्या आवाजात सांगत आले त्याच आवाजात म्हणाले, "नापास."

मग त्यांनी पट्टी खाली ठेवली, उठले आणि दूर खांबापाशी जाऊन उभे राहिले. पाठमोरे. मला त्या क्षणी काकांची इतकी दया आली की त्या घसरगुंडीचंसुद्धा मी माफ केलं असतं.

"कुंपणानंच शेत खाल्लं," ताई हळूच म्हणाली.

काकूनं दया वगैरे काही दाखवली नाही. तिनं खांबाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "यापेक्षा शत्रू परवडला असता हो. तो निदान जेवायला शेजारी बसत नाही!" आणि बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, दुसरं ताट मिळेल का? भूक लागलीय."

दुसरं ताट आलं. काकूनं झाकण स्वतः उचललं. ते सगळं ताट तिनं एकटीनं, कुणाकडेही न बघता संपवलं. मग तोंड पुसलं आणि निघाली.

"अगं, कुठे?" खांबापासून काका.

"आकाशपाळण्यात."

"थांब, मी आधी..."

काकूनं नुसतं वळून बघितलं. काका जागीच थांबले.

ती एकटी वर गेली, तीन फेऱ्या. आम्ही बाकावर बसलो, काका कठड्यापाशी उभे. खाली आली तेव्हा केस विस्कटलेले होते आणि राग बराचसा वरच राहिला होता. काका खाली मान घालून म्हणाले, "मी ठरवलंय. यापुढे तुम्ही तिघी जात जा बाहेर. मी घरी बसेन. आठ वर्षं मीच तुला आजारी पाडलं. माझ्यासारख्या माणसानं टेबलावर बसूच नये."

"बरं," काकू म्हणाली. "म्हणजे आधी मी डबा घेऊन कोपऱ्यात, आता तुम्ही. कोपरा रिकामा राहायला नको, नाही का?"

काका कठडा चाचपायला लागले.

"अहो, इतकी वर्षं गार भात खाल्ला तो कशासाठी? घरी गरम मिळत होता. तुम्ही असाल तिथं मला बसायचं होतं म्हणून. आणि आता तुम्ही घरी बसणार?" तिचा आवाज फुटला, तिला ते आवडलं नाही, तिनं तो सावरला. "हात आवरा म्हणतेय मी. माणूस आवरा म्हणत नाहीये."

संध्याकाळ गेली, सकाळ उजाडली, काकूला काही झालं नाही. परत येताना गाडीत काका म्हणाले, "अकरा जणांना माफीची पत्रं लिहायला हवीत. चोर सोडून मी संन्याशांना फाशी देत सुटलो."

"पत्रं नकोत," काकू म्हणाली. "तुमची पत्रं वाचायला त्यांनी काय पाप केलंय? तोंडानं सांगा. आणि तिथंच जेवायचं. अकराही ठिकाणी."

पहिलं ठरलं ते साखरपुड्याचं हॉटेल. दोन आठवड्यांनी आम्ही चौघे गेलो. मालकानं काकांना दारातच ओळखलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून हसू पुसल्यासारखं गेलं. काकूनं वेगळं ताट मागितलं तेव्हा तो म्हणाला, "माफ करा. आम्ही ते आता करत नाही. साहेबांचं पत्र आलं, तेव्हापासून बंद केलं. माझा आचारी महिनाभर नीट झोपला नाही. त्यानंतर कुणी असं विचारलं की आम्ही हात जोडतो."

म्हणजे काकूसारखी आणखी कितीजणं त्या दारातून परत गेली असतील. हे काकांच्या लक्षात आलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

ते उभे राहिले. त्यांनी भाषण पाठ करून आणलं होतं, ताईनं गाडीत ऐकलंही होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. "तुमच्या आचाऱ्याची काही चूक नव्हती," ते म्हणाले. "चूक माझी होती. माझ्या चमच्याची. त्यांना बोलवा, मी त्यांच्यासमोर सांगतो."

आचारी आला. पोक्त माणूस, हात पुसत, घाबरलेला. काकांनी त्याला सगळं सांगितलं, पावापासून पट्टीपर्यंत, भरल्या हॉटेलात, उभ्यानं. लोक माना वळवून बघत होते. या वेळी ताईनं मेनूकार्ड खाली ठेवलं होतं. आचाऱ्यानं ऐकून घेतलं, काकूकडे बघितलं, आणि मालकाला न विचारता म्हणाला, "अर्धा तास लागेल. भांडी घासून घेतो."

पाऊण तास लागला. काकांनी पाव मागवला नाही, सूप मागवलं नाही. ताट आलं तेव्हा ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, आणि आचारी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होता.

काकूनं पहिला घास घेतला. चावला. पुन्हा चावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मग ताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आजारपणाआधी काकू अशीच होती, कुणाच्याही घरी तोंडावर सांगायची: तिखट जास्त झालं, भात गिचका झाला. आठ वर्षांत बाहेरच्या कुठल्याही घासाला तिनं नाव ठेवलं नव्हतं, कारण त्या घासांत तिला भीतीपलीकडे काही लागलंच नव्हतं.

काकांनी मांडीखालचे हात काढले नाहीत. दाराकडे बघून ते मोठ्यांदा म्हणाले, "जरा मीठ आणता का? हिच्यासमोर ठेवा. माझ्याकडे देऊ नका."